मरे प्लेस : ग्लासगो येथील एका संरक्षित घरओळीचे वास्तुशिल्प

ब्रिटनमधील वास्तुविद्येच्या इतिहासात ‘टेरेस’ हा शब्द ज्या अर्थाने येतो, तो मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचा नाही. तेथे टेरेस म्हणजे गच्ची नव्हे. सामाईक भिंतींनी एकमेकांस जोडलेल्या, एकाच आराखड्यानुसार उभारलेल्या आणि रस्त्याकडे एकच अखंड दर्शनी भाग असलेल्या स्वतंत्र घरांची ओळ, असा त्याचा अर्थ आहे. अशा ओळीतील प्रत्येक घराला स्वतःचा दरवाजा, स्वतःचा जिना आणि स्वतःचा मालक असतो. परंतु त्याचा चेहरा मात्र त्याच्या एकट्याचा नसतो. मालकी अनेकांची आणि रूप एकाचे, ही या वास्तुप्रकाराची मूळ अडचण आहे, आणि त्याचे वैशिष्ट्यही तेच आहे. ही अडचण वास्तुकाराने कशी सोडविली आणि पुढे समाजाने ते उत्तर कसे जपले, हे पाहण्यासाठी ग्लासगो शहराच्या दक्षिण भागातील स्ट्रॅथबंगो येथील ‘मरे प्लेस’ या दहा घरांच्या ओळीसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. ही ओळ १८५९ ते १८६१ या काळात बांधली गेली. तिचा वास्तुकार अलेक्झांडर थॉमसन (१८१७–१८७५) हा स्वतः तिच्यातील पहिल्या क्रमांकाच्या घरात राहावयास आला आणि तेथेच त्याचा अंत झाला. स्कॉटलंडमधील संरक्षित इमारतींच्या सूचीत तिला सर्वोच्च म्हणजे ‘अ’ वर्गाचे स्थान आहे.

१. शहर आणि उपनगर

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ग्लासगोची लोकसंख्या सुमारे ७७ हजार होती. १८६१ साली ती चार लाखांच्या घरात गेली. कापूस, लोखंड, कोळसा आणि जहाजबांधणी यांनी शहरात संपत्ती आणली, तशीच गर्दी आणि रोगराईही आणली. १८४८–४९ आणि १८५३–५४ या वर्षांतील पटकीच्या साथींनी सर्व थरांतील कुटुंबांना तडाखा दिला. थॉमसनचे घरही त्या दशकातील बालमृत्यूंपासून सुटले नाही. लॉक कॅट्रिन या सरोवराचे स्वच्छ पाणी शहरात आणणारी योजना १८५९ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते सुरू झाली. मरे प्लेसचा आरंभही त्याच वर्षी झाला. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नसला तरी दोहोंमागील प्रेरणा एकाच जातीची होती : मध्यमवर्गीय कुटुंबाला हवा, उजेड आणि स्वच्छता यांचा लाभ व्हावा, मात्र शहरातील व्यवसायापासून ते फार दूर जाऊ नये.

स्ट्रॅथबंगो हे तेव्हा शहराच्या हद्दीबाहेरचे खेडे होते. ग्लासगोत त्याचा समावेश १८९१ मध्ये झाला. भोवतालची जमीन पोलॉकच्या मॅक्सवेल घराण्याची होती. येथील रस्त्यांच्या नावांमागे स्थानिक इतिहास आहे. जवळच लँगसाइड येथे १३ मे १५६८ रोजी राणी मेरी आणि तिच्या अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्यकारभार पाहणारा अर्ल ऑफ मरे यांच्यात लढाई झाली. मरे प्लेस, क्वीन स्क्वेअर, मेरीवुड स्क्वेअर, रीजेंट पार्क स्क्वेअर या नावांतून त्या लढाईतील दोन्ही पक्ष शेजारी-शेजारी नांदत आहेत. एडिंबरो येथेही ‘मरे प्लेस’ नावाची प्रसिद्ध वसाहत आहे. परंतु ती १८२० च्या दशकातील, भिन्न शैलीची आणि भिन्न वास्तुकाराची असल्याने तिच्याशी गल्लत करू नये.

या जागेला लागूनच १८४८ साली सुरू झालेला बॅरहेडकडे जाणारा लोहमार्ग होता. घरओळीचे तोंड एखाद्या बागेकडे अथवा चौकाकडे नसून या लोहमार्गाकडे आहे. बाथ किंवा एडिंबरो येथील घरओळींना हिरवळीचा प्रशस्त पट लाभला होता, तसा येथे नव्हता. जागा लहान, घरे दुमजली, ग्राहक सामान्य मध्यमवर्गीय आणि समोर आगगाडी, अशा मर्यादांत थॉमसनला काम करावयाचे होते. त्याने जे साधले त्याचे मोल ठरविताना या मर्यादांचा विसर पडू देता कामा नये.

२. रचनेचे स्वरूप

घरओळीला एकच प्रासाद भासविण्याची युक्ती थॉमसनच्या आधीची आहे. बाथ येथे थोरल्या जॉन वुडने १७२८ नंतर क्वीन स्क्वेअरच्या एका बाजूस आणि एडिंबरो येथे रॉबर्ट ॲडमने १७९१ मध्ये शार्लट स्क्वेअरसाठी केलेल्या आराखड्यात ती वापरली. तिचे सूत्र सोपे होते. ओळीचा मध्यभाग किंचित पुढे आणावयाचा, त्यावर त्रिकोणी शीर्षभाग चढवावयाचा, दोन्ही टोकांना लहानसा उठाव द्यावयाचा आणि उरलेली घरे पंखांप्रमाणे दोन बाजूंस पसरावयाची. अशा रचनेत मधले घर राजाचे आणि बाजूची घरे परिवाराची, अशी उतरंड आपोआप निर्माण होते. प्रासादात ती शोभते. समान ऐपतीच्या दहा कुटुंबांच्या निवासात तिला काही अर्थ उरत नाही.

मरे प्लेसमध्ये थॉमसनने मध्यभागच काढून टाकला. ओळीच्या दोन टोकांची दोन घरे पुढे आलेली असून त्यांवर ग्रीक मंदिरासारखे त्रिकोणी शीर्षभाग आहेत. या दोन मंदिरसदृश टोकांच्या मध्ये उरलेली आठ घरे मागे सरून एका सरळ रेषेत उभी आहेत. तळमजल्याची भिंत साधी व भरीव आहे, आणि तीत दरवाजे व खिडक्या बसविल्या आहेत. वरच्या मजल्यावर मात्र भिंत जवळजवळ नाहीशीच होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आखूड चौकोनी खांबांची अखंड रांग धावते, आणि त्या खांबांमधील खणांची संख्या पन्नासाहून अधिक भरते. सर्व खण सारखे, सर्व खांब सारखे. कोठेही मोठेपणा नाही आणि कोठेही विश्रांती नाही.

‘खण’ हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजला आहे. जुन्या मराठी वाड्याचे मोजमाप खणांवर चालत असे; दोन खांबांमधील अंतर हे घराच्या विस्ताराचे एकक मानले जाई. मरे प्लेसच्या दर्शनी भागाचेही एकक घर नसून खण आहे. एक घर कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे वरच्या मजल्याकडे पाहून ओळखता येत नाही. आतील सामाईक भिंती खांबांच्या मागे लपतात. दहा मालकांच्या दहा सीमा वास्तुकाराने डोळ्यांसमोरून पुसल्या आहेत, आणि त्यासाठी त्याने कोणत्याही घराला दुसऱ्यापेक्षा मोठे केलेले नाही. मध्यवर्ती शिखराऐवजी अविरत पुनरावृत्तीने एकता साधणे, हा या रचनेतील नवा विचार होय.

अलंकरणही याच शिस्तीने चालते. ग्रीक पद्धतीची पर्णाकृती आणि चौकटीदार वेलबुट्टी दगडात उठावाने न कोरता बहुतांशी रेषा खोदून उमटविली आहे. त्यामुळे ती दुरून पृष्ठभागाचा सपाटपणा मोडत नाही. जवळ गेल्यावरच तिची नाजूक घडण दिसते. छपराचा उतार मंद आहे. धुराडी झाकण्याचा प्रयत्न न करता थॉमसनने त्यांनाही रचनेत सामील करून घेतले आणि त्यांच्या नळ्यांच्या रांगांकडून खालच्या खांबांच्या तालाला साथ मिळविली. ज्या वस्तूची वास्तुकाराला लाज वाटते ती तो लपवितो; थॉमसनला गरजेच्या वस्तूची लाज वाटत नव्हती.

वरच्या मजल्याचे हे मोकळेपण केवळ ग्रीक आदर्शातून आले असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. ब्रिटनमध्ये काचेवरील उत्पादनकर १८४५ साली आणि खिडक्यांवरील कर १८५१ साली रद्द झाला. तोपर्यंत प्रत्येक खिडकी हा मालकाच्या खिशावरील भार होता. त्यानंतर मोठ्या काचा आणि अधिक खिडक्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. प्राचीन ग्रीसमधील मंदिराला खिडक्यांची ओळ नव्हती. थॉमसनने खांबांच्या मधल्या जागेत काच बसविली आणि स्कॉटलंडच्या अंधुक हवेला योग्य असे उजळ घर तयार केले. रूप प्राचीन, पण कारण अर्वाचीन, असा हा मिलाफ आहे.

३. तुळईचा पक्ष

थॉमसनला त्याचे समकालीन ‘ग्रीक’ थॉमसन म्हणत. तो ग्रीसला कधी गेला नव्हता. प्राचीन वास्तूंचा त्याचा परिचय ग्रंथ आणि चित्रे यांच्याद्वारे झालेला होता. ग्रीक अवशेषांची नक्कल करणे हे त्याचे ध्येयही नव्हते. उभ्या खांबावर आडवी तुळई ठेवण्याची पद्धती हेच स्थिर बांधकामाचे तत्त्व आहे, असा त्याचा सिद्धान्त होता. कमान आपल्या पायांना सतत बाहेर ढकलीत असते. त्यामुळे तिच्यात विनाशाचे बीज असते, असे तो मानी. या दृष्टीने त्याने स्टोनहेंजच्या प्राचीन शिळावर्तुळाला यॉर्कच्या भव्य गॉथिक चर्चपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध बांधकाम ठरविले होते. विधान टोकाचे आहे, आणि गॉथिक कारागिरांनी कमानीचा रेटा किती कौशल्याने पेलला हे त्यात लक्षात घेतलेले नाही. तथापि हेमाडपंती मंदिरातील खांब, तुळया आणि त्यांवर रचलेले दगडी छत ज्याने पाहिले आहे, त्याला थॉमसनच्या म्हणण्यातील मर्म कळणे कठीण नाही.

या मतभेदाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. ग्लासगो विद्यापीठाच्या नव्या इमारतीचे काम लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराकडे सोपविण्यात आले आणि त्याने ती गॉथिक शैलीत योजिली. तेव्हा १८६६ मध्ये थॉमसनने ग्लासगोच्या वास्तुविद्या मंडळापुढे एक निबंध वाचून त्या निवडीवर कठोर टीका केली. ज्ञानदानाच्या आधुनिक संस्थेला मध्ययुगीन वेष कशासाठी, हा त्याच्या टीकेचा गाभा होता. टीका निष्फळ ठरली. १८७० मध्ये विद्यापीठ स्कॉटच्या वास्तूत गेले. याच स्कॉटने त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचे आणि ग्रंथालयाचे आराखडे केले. तो स्वतः मुंबईस कधी आला नाही. त्याचे नकाशे लंडनहून आले. सभागृह १८७४ मध्ये आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेला राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. ज्या शैलीविरुद्ध थॉमसन ग्लासगोत झगडला, तिनेच मुंबईच्या विद्येच्या केंद्राला त्याचे परिचित रूप दिले. मुंबईतील या परिसराचा समावेश २०१८ साली जागतिक वारसा-यादीत झाला. वारशाचे संरक्षण शैलींच्या भांडणात पक्ष घेत नाही, हे यावरून स्पष्ट होते. वादी आणि प्रतिवादी या दोघांच्याही कृती त्याच्या छत्राखाली येतात.

मरे प्लेसनंतर थॉमसनने हाच विचार मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिला. शहराच्या पश्चिमेकडील ग्रेट वेस्टर्न टेरेस (आरंभ १८६७) या ओळीत त्याने उंच तिमजली भाग टोकांस न ठेवता ओळीच्या आत, टोकांपासून काही अंतरावर ठेवले. त्या ओळीचा डौल मोठा आहे. पण समान घरांच्या पुनरावृत्तीतून निर्माण होणारी शुद्धता मरे प्लेसमध्ये जितकी आढळते तितकी तेथेही नाही.

४. एकता कोणी राखली?

अशी रचना उभी करणे ही एक गोष्ट. दीडशे वर्षांहून अधिक काळ ती टिकविणे ही दुसरी. पुनरावृत्तीवर उभ्या असलेल्या वास्तूत एक विशेष दुबळेपणा असतो. शिखर असलेल्या इमारतीत बाजूचा एखादा भाग बदलला तरी शिखर उरते. येथे मात्र पन्नासावर खणांपैकी दोन खण जरी कोणी वेगळ्या चौकटींनी बदलले, तरी संपूर्ण रांगेचा ताल चुकतो. म्हणजे प्रत्येक मालकाच्या हाती उरलेल्या नऊ मालकांच्या घराचे सौंदर्य असते.

प्रारंभी हा प्रश्न स्कॉटलंडच्या जमीनधारणेच्या पद्धतीने सोडविला होता. तेथे ‘फ्यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत जमिनीचा मूळ धनी ती कायमची दुसऱ्यास देई. त्याच्या मोबदल्यात त्याला वार्षिक रक्कम मिळे, आणि मुख्य म्हणजे जमिनीवर काय व कसे बांधावे याविषयीच्या अटी त्याला घालता येत. या अटी जमिनीला चिकटून राहत आणि प्रत्येक नव्या खरेदीदारास बांधीत. एडिंबरो आणि ग्लासगो येथील घरओळींची शिस्त केवळ नागरिकांच्या सुसंस्कृत अभिरुचीतून आली, असा गोड समज अनेकदा आढळतो. तिच्यामागे या लेखी अटींचे बळ होते. सरंजामी धारणेचा हा अवशेष स्कॉटलंडच्या संसदेने २००० साली केलेल्या कायद्याने रद्द ठरविला आणि २८ नोव्हेंबर २००४ रोजी तो प्रत्यक्षात संपुष्टात आला.

तोपर्यंत दुसरी यंत्रणा उभी राहिली होती. १९४७ च्या नगररचना कायद्याने स्कॉटलंडमधील महत्त्वाच्या इमारतींची सूची करण्याचा मार्ग मोकळा केला. १९६७ च्या कायद्याने एकेकट्या इमारतीपलीकडे जाऊन संपूर्ण वस्तीला ‘संरक्षित क्षेत्र’ म्हणून मान्यता देण्याची तरतूद केली. या विषयावरील तरतुदी पुढे १९९७ च्या कायद्यात एकत्र करण्यात आल्या. सूचीतील इमारतीचे वैशिष्ट्य बिघडेल असा फेरफार परवानगीवाचून करणे हा गुन्हा ठरतो, आणि हे बंधन बाहेरील भागापुरते नसून अंतर्भागालाही लागू असते. पूर्वी जो अधिकार जमिनीच्या धन्याचा होता, तो आता समाजाच्या वतीने शासनाकडे आला. दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. धनी आपल्या जमिनीची किंमत राखीत होता. शासन एका कलाकृतीची अखंडता राखते. मालकाला मात्र दोन्ही वेळी जाणवते ते बंधनच.

हे बंधन हलके नाही. वालुकाश्म हा मऊ दगड असतो. ग्लासगोच्या कारखान्यांच्या काजळीने तो काळवंडला, आणि पुढे धुराचे प्रमाण घटल्यावर शहरातील अनेक इमारतींवर जी घासून स्वच्छता करण्यात आली, तिने काजळीबरोबर दगडाचा पृष्ठभागही काही ठिकाणी ओरबाडला. लाकडी सरकत्या खिडक्यांना वरचेवर दुरुस्ती लागते. घर उबदार ठेवण्याचा खर्च वाढला असताना आणि इंधनाची बचत हे सार्वजनिक कर्तव्य मानले जात असताना, जुन्या एकेरी काचा राखा असे मालकाला सांगणे सोपे राहिलेले नाही. बारीक जाडीच्या दुहेरी काचा जुन्या धाटणीच्या चौकटीत बसविणे, यासारखे मधले मार्ग निघाले आहेत. थॉमसनने आपल्या काळातील काचेच्या स्वस्ताईचा लाभ घेतला होता. नव्या काचेशी त्याच्या रचनेचे वैर असण्याचे कारण नाही. वैर आहे ते प्रत्येक घराने आपापला निराळा तोडगा काढण्याशी.

५. जे गेले आणि जे राहिले

थॉमसनच्या इतर कृतींचा वृत्तान्त शेजारी ठेवला म्हणजे मरे प्लेसच्या टिकून राहण्याचे मोल कळते. त्याचे क्वीन्स पार्क येथील चर्च १९४३ मध्ये जर्मन बॉम्बने नष्ट झाले. कॅलेडोनिया रोडवरील चर्च (१८५६–५७) उपासकांनी सोडून दिले, १९६५ मध्ये आगीत सापडले आणि तेव्हापासून त्याचे केवळ कवच उभे आहे. एग्लिंटन स्ट्रीटवरील क्वीन्स पार्क टेरेस ही भाड्याच्या बिऱ्हाडांची भव्य बहुमजली ओळ १९८० च्या सुमारास पाडण्यात आली. युनियन स्ट्रीटवरील ‘इजिप्शियन हॉल्स’ (१८७०–७२) ही व्यापारी इमारत अ वर्गात असूनही तिचे वरचे मजले दीर्घकाळ रिकामे राहिले आणि ती मोडकळीस आली. म्हणजे केवळ सूचीत नाव असणे हे इमारतीला पुरेसे कवच नाही.

या यादीवरून एक अनुमान काढता येते. ज्या वास्तूंचा उपयोग संपला, किंवा ज्यांचा मालक त्यांच्यात राहत नव्हता, त्या गेल्या अथवा खंगल्या. क्वीन्स पार्क टेरेस हीसुद्धा निवासाचीच वास्तू होती. परंतु तेथे मालक आणि रहिवासी वेगळे होते. १९१५ पासून भाड्यावर कायद्याची मर्यादा आली, दुरुस्तीत मालकाला रस उरला नाही आणि अखेरीस भोवतालच्या वस्तीच्या निर्मूलनात ती सापडली. मरे प्लेसमधील घर एका कुटुंबाला पुरेल आणि एका कुटुंबाला सांभाळता येईल अशा आकाराचे आहे. त्याचे छप्पर गळले तर ते मालकाच्याच डोक्यावर गळते. ज्या माफक आकारामुळे ही कृती थॉमसनच्या भव्य चर्चांपुढे लहान वाटते, त्याच आकाराने तिला वाचविले.

अभ्यासकांच्या आस्थेचाही यात वाटा आहे. हेन्री-रसेल हिचकॉक या अमेरिकन इतिहासकाराने या ओळीचा विसाव्या शतकात गौरव केला. वास्तुविद्येचे इतिहासकार गॅव्हिन स्टॅम्प (१९४८–२०१७) हे काही वर्षे थॉमसनच्याच, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या, घरात राहिले; त्यांनी १९९१ मध्ये अलेक्झांडर थॉमसन सोसायटीची स्थापना केली. ज्या घरात वास्तुकाराने २२ मार्च १८७५ रोजी देह ठेवला, त्याच घरातून एका शतकानंतर त्याच्या उरलेल्या कृतींच्या रक्षणाची चळवळ चालली, ही घटना घरओळीच्या इतिहासाचाच भाग मानावी लागेल.

उपसंहार

संरक्षित वास्तू म्हटले की किल्ला, मंदिर, राजवाडा अथवा मनोरा डोळ्यांसमोर येतो. म्हणजे जी वस्तू एकटी उभी राहते आणि एका मालकाची असते ती. मरे प्लेस निराळ्या जातीचे आहे. तेथील कोणतेही एक घर वेगळे काढून दाखविले तर त्यात असामान्य असे फार थोडे आढळेल. असामान्य आहे ते दहा घरांमधील नाते, आणि संरक्षण द्यावयाचे ते या नात्याला. पहिल्या टप्प्यात जमिनीच्या धन्याच्या अटींनी, नंतर शासनाच्या कायद्याने आणि सर्व काळ तेथे राहणाऱ्या कुटुंबांच्या निगराणीने ते टिकले. यांपैकी पहिला आधार इतिहासजमा झाला आहे आणि दुसरा एकट्याने पुरेसा नसल्याचे ‘इजिप्शियन हॉल्स’ने दाखविले आहे. तिसरा आधार कोणत्याही सूचीत नोंदविता येत नाही. परंतु तो सुटला तर बाकीचे दोन मिळूनही ती खांबांची रांग सलग ठेवू शकणार नाहीत.